पाळणाघर आणि विद्यापीठ : एका विलंबाचा इतिहास

भारतातील उच्च शिक्षणाच्या इतिहासात विद्यापीठाची स्थापना, अभ्यासक्रम, ग्रंथालये, वसतिगृहे आणि परीक्षापद्धती यांविषयी विपुल लेखन झाले आहे. परंतु विद्यापीठात शिकणाऱ्या किंवा काम करणाऱ्या माणसाचे लहान मूल त्या वेळात कोठे असते आणि कोणाच्या हाती असते, या प्रश्नाला त्या लेखनात फारसे स्थान मिळालेले नाही. आई-वडील कामावर वा अभ्यासात गुंतलेले असताना साधारणपणे सहा वर्षांखालील मुलांचा आहार, झोप, खेळ आणि आरोग्य यांची दिवसभराची जबाबदारी घेणारी व्यवस्था म्हणजे पाळणाघर. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना काही तास शिक्षणाची पूर्वतयारी करून देणारी बालवाडी पाळणाघराहून वेगळी असते, कारण तिची वेळ मुलाच्या गरजेवरून ठरते आणि पाळणाघराची वेळ पालकाच्या कामावरून. महाराष्ट्रात या व्यवस्थेचा प्रवास पाहू गेल्यास असे दिसते, की तिची कायदेशीर तरतूद आधी कापडगिरण्या व कारखान्यांसाठी झाली, नंतर ती आदिवासी पाड्यांवर आणि बांधकामांच्या जागी पोचली, आणि ज्या विद्यापीठांत बालसंगोपनाचे शास्त्र शिकवले जात होते त्यांच्या आवारात मात्र ती सर्वांत शेवटी आणि अर्धवट आली. हा विलंब केवळ पैशाच्या किंवा ज्ञानाच्या अभावामुळे झालेला नाही. विद्यार्थी कोण आणि अध्यापक कोण, याविषयीच्या एका जुन्या गृहीतकात त्याची मुळे आहेत.

ते गृहीतक मुंबई विद्यापीठाच्या स्थापनेइतके जुने आहे. १८५७ मध्ये लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झालेले हे विद्यापीठ प्रारंभी प्रत्यक्ष अध्यापन न करता संलग्न महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांच्या परीक्षा घेऊन पदव्या देणारे होते, आणि त्याच्या नियमांतील विद्यार्थी हा पुरुषच होता. तथापि तो विद्यार्थी निरपत्य असेच असे नाही. बालविवाहाच्या त्या काळात महाविद्यालयात शिकणारे अनेक तरुण विवाहित असत आणि त्यांतील काही पिताही असत. पुढे महिला विद्यापीठ स्थापणारे धोंडो केशव कर्वे यांनी एल्फिन्स्टन महाविद्यालयातून १८८४ मध्ये पदवी घेतली, तेव्हा त्यांचा ज्येष्ठ पुत्र रघुनाथ दोन वर्षांचा होता. म्हणजे अपत्य असलेला विद्यार्थी हा विद्यापीठात आरंभापासून होता; परंतु त्याचे मूल घरातील स्त्रिया सांभाळत असल्यामुळे विद्यापीठाला त्याची दखल घेण्याचे कारण पडले नाही. पत्नी, आई, विधवा आत्या किंवा मोठी बहीण यांच्या श्रमावर पुरुषाचे शिक्षण उभे होते, आणि तो श्रम घरातच होत असल्यामुळे कोणत्याही हिशेबात धरला जात नव्हता. १८८३ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या परीक्षा स्त्रियांना खुल्या झाल्या, परंतु दार उघडताना आतली रचना बदलली नाही. ज्या स्त्रीच्या मागे घर सांभाळणारे कोणी होते, किंवा जिला घर-संसार नव्हता, तिलाच त्या दारातून सहज आत येता आले.

आई झालेल्या स्त्रीचे शिक्षण हा विषय महाराष्ट्रात प्रथम विद्यापीठाबाहेर, आणि तोही मोठ्या वेदनेतून, उभा राहिला. आनंदीबाई जोशी यांना चौदाव्या वर्षी झालेला मुलगा अवघे काही दिवस जगला, आणि स्त्रियांना स्त्रीवैद्य मिळत नाही या जाणिवेने त्या वैद्यकाकडे वळल्या. फिलाडेल्फियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांनी मार्च १८८६ मध्ये पदवी घेतली. त्यांच्या पदवीदान समारंभासाठी इंग्लंडहून आलेल्या पंडिता रमाबाईंचे उदाहरण या इतिहासात अधिक बोलके आहे, कारण रमाबाई या स्वतः शिकत असताना एका लहान मुलीच्या एकट्या पालक होत्या. १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी यांचे निधन झाले, तेव्हा कन्या मनोरमा वर्षाचीही झालेली नव्हती. वैद्यक शिकण्याच्या हेतूने रमाबाई १८८३ मध्ये मुलीला घेऊन इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहिल्या. ऐकू कमी येऊ लागल्यामुळे वैद्यकाचा विचार त्यांना सोडावा लागला, तेव्हा चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या महाविद्यालयात संस्कृत शिकवून त्या स्वतः इंग्रजी, गणित आणि विज्ञान शिकल्या.

चेल्टनहॅमच्या काळात मनोरमा बराच काळ वाँटेजच्या भगिनींच्या देखरेखीखाली राहिली, आणि त्या देखरेखीने रमाबाईंच्या शिक्षणाला जसा आधार दिला तसाच एक कठीण प्रश्नही उभा केला. मुलीला कोणते धार्मिक शिक्षण द्यावे, तिच्यावर अंतिम अधिकार आईचा की सांभाळणाऱ्या संस्थेचा, यावरून रमाबाई आणि त्यांच्या आश्रयदात्या यांच्यात दीर्घ पत्रव्यवहार झाला. त्या पत्रांत आपल्या मुलीच्या संगोपनावरील हक्क सोडण्यास ठाम नकार देणारी आई दिसते. मूल सांभाळण्याची सोय दयेपोटी मिळाली की तिच्याबरोबर अटी येतात, आणि ती सोय हक्काची असेल तरच शिकणारी आई स्वतंत्र राहते, हे सूत्र या वादातून आजही वाचता येते. रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या, तेव्हा त्यांनी फिलाडेल्फियात किंडरगार्टन पद्धतीचा, म्हणजे जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रेडरिक फ्रोबेल यांनी मांडलेल्या खेळ व कृतींवर आधारलेल्या बालशिक्षणाचा, अभ्यास केला. विधवांच्या शिक्षणासाठी निधी जमवण्यास निघालेल्या या विदुषीने त्याच दौऱ्यात बालशिक्षणही शिकून घ्यावे, यात तिची दूरदृष्टी स्पष्ट होते. स्त्रीचे शिक्षण आणि मुलाची व्यवस्था हे दोन्ही विषय तिच्या विचारात एकत्र होते.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालेले आणि पुढील वर्षी पुण्यात हलवलेले शारदा सदन हे निवास आणि शिक्षण एकत्र देणारे घर होते. १८९६-९७ च्या दुष्काळानंतर केडगाव येथे वाढलेल्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळग्रस्त स्त्रिया आणि मुली शेकड्यांनी आल्या, आणि तेथे तान्ह्या मुलांपासून प्रौढ स्त्रियांपर्यंत सर्वांची सोय, किंडरगार्टन वर्ग आणि हस्तव्यवसायांचे शिक्षण एकाच आवारात होत असे. या संस्थांच्या धर्मविषयक धोरणावर पुण्यात मोठे वादळ उठले आणि त्या वादाने त्यांच्या शैक्षणिक रचनेकडे झालेले दुर्लक्ष अद्याप पुरते भरून निघालेले नाही. शिकू इच्छिणाऱ्या स्त्रीला तिच्या साऱ्या जबाबदाऱ्यांसह स्वीकारायचे असेल, तर शाळेला घराची काही कामे अंगावर घ्यावी लागतात, हे केडगावने प्रत्यक्षात करून दाखवले होते.

शारदा सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक असलेल्या गोदूबाईंशी, म्हणजे पुढील आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे यांच्याशी, धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये पुनर्विवाह केला. १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम सुरू केला, आणि १९०० मध्ये तो पुण्याजवळच्या हिंगण्याला गेला. बायांच्या भगिनी पार्वतीबाई आठवले यांना वैधव्य आले तेव्हा त्यांच्या पदरी लहान मुलगा होता. वयाच्या पंचविशीनंतर त्यांनी अक्षरओळखीपासून शिक्षण सुरू केले आणि पुढे हिंगण्याच्या आश्रमासाठी निधी जमवत त्या अमेरिकेपर्यंत गेल्या. कर्वे यांनी जपानमधील स्त्रियांच्या विद्यापीठाची माहिती वाचून १९१६ मध्ये भारतवर्षीय महिला विद्यापीठ स्थापले, तेच १९२० मधील ठाकरसी यांच्या मोठ्या देणगीनंतर श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी, म्हणजे एसएनडीटी, महिला विद्यापीठ म्हणून ओळखले जाऊ लागले. मातृभाषेतून शिक्षण देणाऱ्या या विद्यापीठाने गृहव्यवस्था आणि आरोग्यशास्त्र हे विषय अभ्यासक्रमात आणले. ही दखल महत्त्वाची होती; तथापि तिच्यामागे स्त्री शिकून उत्तम गृहिणी आणि माता व्हावी हा विचार होता, आणि त्यामुळे शिक्षण आधी व मातृत्व नंतर असा क्रम मनात धरला गेला. मूल हा अभ्यासाचा विषय झाला, परंतु अभ्यास करणाऱ्या स्त्रीचे स्वतःचे मूल सांभाळण्याची सोय हा विद्यापीठाच्या रचनेचा भाग झाला नाही.

याच काळात मुंबईच्या गिरणगावात हाच प्रश्न अगदी वेगळ्या रूपात पुढे आला. गिरण्यांतील बिगारी आणि गुंडाळणी खात्यांत काम करणाऱ्या स्त्रियांना मूल घरी ठेवावे तर सांभाळणारे कोणी नाही आणि कामावर आणावे तर यंत्रांचा गोंगाट, धूळ व धोका, अशी दुहेरी अडचण असे. मूल तासन्‌तास निजून राहावे म्हणून त्याला अफू घातलेली गोळी देण्याची रीत तेव्हा चाळींत सर्रास होती, आणि तिला बाळगोळी म्हणत. मुंबई सरकारने १९२० च्या दशकाच्या प्रारंभी एका स्त्री डॉक्टरकडून कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाची पाहणी करवली, तेव्हा गिरणीत जाणाऱ्या जवळजवळ सर्वच स्त्रियांच्या अर्भकांना अफू दिली जात असल्याचे आढळले. कामगार नेते ना. म. जोशी यांनी मध्यवर्ती विधिमंडळात मातृत्व लाभाचे, म्हणजे बाळंतपणाच्या काळात रजा आणि ठरावीक रक्कम देण्याचे, विधेयक १९२४ मध्ये मांडले, परंतु ते संमत झाले नाही.

मुंबई प्रांताच्या विधिमंडळात हा विषय पुन्हा आला तेव्हा, जुलै १९२८ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्या विधेयकाला पाठिंबा दिला. आईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, त्या खर्चाचा भार शासनाने उचलावा हे तत्त्वतः योग्य असले तरी जो मालक त्या स्त्रीच्या श्रमातून लाभ घेतो त्यालाही त्यातून मोकळे होता येणार नाही, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात झालेला मातृत्व लाभ कायदा हा भारतातील या प्रकारचा पहिला कायदा ठरला. त्यानंतर व्हिटली आयोग या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कामगारविषयक शाही आयोगाच्या अहवालामागोमाग १९३४ च्या कारखाने अधिनियमात, पन्नासहून अधिक स्त्रिया काम करत असलेल्या कारखान्यांत सहा वर्षांखालील मुलांसाठी स्वतंत्र खोली राखण्याचे नियम करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना मिळाला. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाने अधिनियमाने ही तरतूद बंधनकारक केली, प्रशिक्षित स्त्रीची देखरेख, पुरेसा उजेड आणि वायुवीजन या अटी घातल्या, आणि १९७६ च्या दुरुस्तीने स्त्रियांची ही किमान संख्या तीसवर आणली. मळे, खाणी आणि विडी उद्योग यांच्या कायद्यांतही पाळणाघराची तरतूद झाली.

या कायद्यांत एक दोष मुळापासून होता. पाळणाघराचे बंधन स्त्री कामगारांच्या संख्येशी बांधलेले असल्यामुळे मूल हे केवळ आईचे, आणि म्हणून त्याचा खर्च हा स्त्रीला कामावर ठेवण्याचा जादा खर्च, असा हिशेब त्यातून रूढ झाला. ठरलेल्या संख्येच्या आत स्त्रिया ठेवणे मालकाच्या सोयीचे झाले. असे असले तरी एक मूलभूत तत्त्व या कायद्यांनी मान्य केले होते, ते असे की ज्या ठिकाणी माणूस आपला दिवस देतो त्या ठिकाणावर त्याच्या मुलाचीही काही जबाबदारी येते. गिरणी कामगार स्त्रीचे मूल डोळ्यांपुढे होते, कारण ते तिच्याबरोबर खात्यात येत असे. पदवीधर स्त्रीचे मूल घरात सासूकडे किंवा मोलकरणीकडे असल्यामुळे दिसत नव्हते. कायद्याने दिसणाऱ्या मुलाची दखल घेतली, आणि न दिसणाऱ्या मुलाचा भार कुटुंबावर राहिला.

पाळणाघर आणि शिक्षण यांचे नाते सर्वांत स्पष्टपणे ओळखले ते ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर असलेल्या ताराबाईंनी भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे काम केले. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला, आणि १९४५ मध्ये ताराबाईंनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील बोर्डी येथे बालवाडीचे काम सुरू केले. माँटेसरी पद्धतीची महाग साधने बाजूला ठेवून शंख, शिंपले, बिया, पाने यांतून शिकवणारी स्वस्त आणि गावाला पेलणारी बालवाडी त्यांनी घडवली. मुले बालवाडीत येत नाहीत तर बालवाडीने मुलांच्या अंगणात जावे, या विचारातून अंगणवाडीची कल्पना आली.

पुढे कोसबाडच्या वारली वस्तीत काम करताना त्यांच्या लक्षात आले, की शाळेत न येणाऱ्या अनेक मुलींच्या कडेवर एक धाकटे भावंड असते. आई मजुरीला गेलेली असते आणि आठ-दहा वर्षांची मुलगीच घरातील पाळणाघर झालेली असते. यावर त्यांनी विकासवाडी ही रचना उभारली, जिच्यात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात चालत, म्हणजे तान्हे मूल पाळणाघरात, मधले बालवाडीत आणि मोठी मुलगी वर्गात बसू शके. विद्यार्थ्याच्या खांद्यावर मूल असेल तर त्या मुलाची सोय करणे हा शिक्षणाचाच भाग आहे, दानधर्माचा नव्हे, हे तत्त्व कोसबाडने अत्यंत अल्प साधनांत सिद्ध केले. शिकणारी व्यक्ती दहा वर्षांची असो किंवा तीस वर्षांची, तत्त्व बदलत नाही. तरीही शहरांतील विद्यापीठांनी कोसबाडकडे आदिवासी शिक्षणाचा प्रयोग म्हणून पाहिले, आपल्या आवारात लागू पडणारे उत्तर म्हणून नाही.

विद्यापीठांत लहान मुले आली ती दुसऱ्या वाटेने. गृहविज्ञान, म्हणजे आहार, वस्त्र, कुटुंब आणि बालविकास यांचा शास्त्रीय अभ्यास, हा विषय स्वातंत्र्याच्या आगेमागे भारतात रुजला. दिल्लीत १९३२ मध्ये लेडी आयर्विन महाविद्यालय सुरू झाले; १९४९ मध्ये स्थापन झालेल्या बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात, हंसाबेन मेहता कुलगुरू असताना, गृहविज्ञानाची विद्याशाखा उभी राहिली आणि तिच्या बालविकास विभागाला चेतन बालवाडी जोडलेली होती. अशा बालवाडीला प्रयोगशाळा बालवाडी म्हणतात, कारण विद्यार्थिनी तेथे मुलांचे निरीक्षण करतात, नोंदी ठेवतात आणि अध्यापनाचा सराव करतात. या बालवाड्यांनी बालशिक्षणाचा दर्जा उंचावला, उत्तम शिक्षिका आणि संशोधक घडवल्या, याविषयी दुमत नाही. परंतु त्यांची वेळ अध्ययनाच्या सोयीने ठरलेली, काही तासांची असे. दिवसभर प्रयोगशाळेत असणाऱ्या संशोधिकेला, कार्यालयातील कारकून स्त्रीला किंवा आवार झाडणाऱ्या कामगार स्त्रीला त्यांचा आधार मिळणे कठीण होते.

स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन दशकांत अध्यापिका आणि विद्यार्थिनी यांची संख्या वाढत गेली, आणि त्याच काळात ज्या कौटुंबिक आधारावर ही वाढ टेकली होती तो आधार विरळ होत गेला. १९४९ मध्ये स्थापन झालेले पुणे विद्यापीठ गणेशखिंडीच्या आवारात गेले, पवईला भारतीय तंत्रज्ञान संस्था उभी राहिली, मुंबई विद्यापीठाचे बहुतेक विभाग फोर्टहून कालिन्याला हलले. या प्रशस्त आवारांमुळे संशोधनाला जागा मिळाली, परंतु घर आणि काम यांतील अंतरही वाढले. नोकरीसाठी गाव सोडून आलेल्या, दोन-तीन खोल्यांत राहणाऱ्या विभक्त कुटुंबात आजी-आजोबा कायम असतीलच असे राहिले नाही. मग घरी येणारी बाई किंवा शेजारच्या काकूंकडील खासगी पाळणाघर हाच मध्यमवर्गीय अध्यापिकेचा आधार झाला. त्या आधाराची एक बाजू स्पष्टपणे मांडणे आवश्यक आहे : दुसऱ्याचे मूल सांभाळणाऱ्या बाईचे स्वतःचे मूल बहुधा वस्तीत तिच्या मोठ्या मुलीच्या हवाली असे. एका स्त्रीची पदवी किंवा पदोन्नती दुसऱ्या स्त्रीच्या अल्प वेतनावर आणि तिसऱ्या, शाळा सुटलेल्या मुलीच्या श्रमावर उभी राहणे, ही या खासगी तोडग्याची किंमत होती.

१९७० च्या दशकात या प्रश्नाकडे पाहण्याची दृष्टी बदलू लागली. फुलरेणू गुहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७४ मध्ये भारतातील स्त्रियांच्या स्थितीविषयीचा अहवाल सादर केला. समितीच्या सदस्य-सचिव वीणा मजुमदार स्वतः विद्यापीठीय अध्यापनातून आल्या होत्या. त्याच वर्षी एसएनडीटी विद्यापीठात नीरा देसाई यांच्या पुढाकाराने स्त्री-अभ्यासाचे संशोधन केंद्र सुरू झाले, आणि १९८१ मध्ये याच विद्यापीठात स्त्री-अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद भरली. घरकाम आणि संगोपन हे श्रम आहेत, आणि ते मोजले गेले पाहिजेत, हा विचार त्यामुळे विद्यापीठीय चर्चेत आला. विद्यापीठांबाहेर मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये दिल्लीत बांधकामाच्या जागी सुरू केलेली मोबाईल क्रेश ही चळवळ मुंबई आणि पुण्यातही पोचली, आणि १९७५ मध्ये केंद्र शासनाने कामकरी स्त्रियांच्या मुलांसाठी पाळणाघर योजना तसेच एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. ताराबाईंच्या कल्पनेतील अंगणवाडी देशभर गेली ती या दुसऱ्या योजनेतून. मात्र तिची वेळ दिवसाच्या थोड्या तासांपुरती असल्याने ती पाळणाघराची जागा घेऊ शकली नाही.

विद्यापीठांत आधी आली ती रजा. सहाव्या वेतन आयोगानंतर सप्टेंबर २००८ पासून केंद्र शासनाने स्त्री कर्मचाऱ्यांना बाल संगोपन रजा लागू केली. पहिल्या दोन अपत्यांसाठी, ती अठरा वर्षांची होईपर्यंत, संपूर्ण सेवेत मिळून ७३० दिवसांची ही सवेतन रजा आजारपण, परीक्षा किंवा केवळ संगोपन यांसाठी घेता येते. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी १८० दिवसांची बाल संगोपन रजा मंजूर केली. केंद्रात पित्याला पाचव्या वेतन आयोगानंतर पंधरा दिवसांची रजा मिळू लागली होती, आणि एकट्या पुरुष पालकाला संगोपन रजेचा हक्क २०१८ मध्ये मिळाला. हिमाचल प्रदेशातील एका शासकीय महाविद्यालयाच्या प्राध्यापिकेला विशेष गरजा असलेल्या मुलासाठी ही रजा नाकारली गेली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये स्पष्ट केले, की नोकरीत स्त्रियांचा सहभाग ही सवलत नसून संविधानाने दिलेला हक्क आहे. रजेचे हे मोल मोठे आहे; तरीही रजा आणि पाळणाघर यांत फरक आहे. रजा आईला कामापासून दूर नेऊन मुलाजवळ ठेवते, पाळणाघर तिला मूल जवळ असतानाच कामावर ठेवते. ज्या क्षेत्रात संशोधनाचा खंड पुढील सर्व वाटचालीवर परिणाम करतो, तेथे केवळ रजेवर भिस्त ठेवणे पुरेसे ठरत नाही.

पाळणाघराची तरतूद विद्यापीठ अनुदान आयोगाने अकराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात, म्हणजे २००७ ते २०१२ या वर्षांत, विद्यापीठांच्या विकास अनुदानात केली. कर्मचारी, विद्यार्थी आणि संशोधक यांच्या सुमारे तीन महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलांसाठी शुल्क घेऊन दिवसभराची सोय करावी, असा तिचा हेतू होता. विद्यार्थी-पालकाला कर्मचाऱ्याच्या बरोबरीने स्थान देणारी ही तरतूद तत्त्वाच्या दृष्टीने फार पुढची होती. परंतु ती मागणीनुसार आणि अनुदानावर अवलंबून होती, आणि पंचवार्षिक योजनांची पद्धतच २०१७ मध्ये बाराव्या योजनेबरोबर संपली. आज महाविद्यालयांचे मूल्यांकन करणारी राष्ट्रीय परिषद, म्हणजे नॅक, लिंगभाव समतेच्या निकषाखाली लहान मुलांसाठीच्या पाळणाघराचीही विचारणा करते, आणि महाराष्ट्रात स्तनदा मातांसाठीचे हिरकणी कक्ष अनेक सार्वजनिक ठिकाणी सुरू झाले आहेत. मात्र एखादी खोली राखून ठेवणे वेगळे आणि तेथे दिवसभर प्रशिक्षित सेविका नेमणे वेगळे.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत नियम त्याहूनही उशिरा आले. अनुदान आयोगाच्या २०१६ च्या एम.फिल. आणि पीएच.डी. विषयक नियमांनी संशोधक स्त्रियांना संपूर्ण कालावधीत एकदा २४० दिवसांपर्यंत प्रसूती वा बाल संगोपन रजा आणि प्रबंध पूर्ण करण्यास दोन वर्षांची वाढीव मुदत दिली. पदवी आणि पदव्युत्तर वर्गांसाठी मात्र आयोगाने डिसेंबर २०२१ मध्ये कुलगुरूंना पत्र लिहून उपस्थिती आणि परीक्षा अर्जांत सवलतीचे नियम करण्यास सांगितले. तोपर्यंत आणि त्यानंतरही ७५ टक्के उपस्थितीसारख्या अटींमुळे बाळंत विद्यार्थिनींना न्यायालयात जावे लागले; दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायद्याच्या एका विद्यार्थिनीला दिलासा नाकारला, तर २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने शिक्षणाचा हक्क आणि आई होण्याचा हक्क यांतून एकाची निवड करण्याची सक्ती नागरिकावर होता कामा नये, अशी भूमिका घेतली. एकाच न्यायालयातील या दोन निर्णयांमधील अंतरच सांगते, की हा हक्क अद्याप नियमांत पक्का झालेला नाही.

२०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्यात झालेली दुरुस्ती या साऱ्या इतिहासात एक महत्त्वाचे वळण आहे. तिने रजा २६ आठवड्यांची केलीच, शिवाय पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेवर पाळणाघराचे बंधन घातले, आणि येथे मोजणी स्त्रियांची नसून सर्व कर्मचाऱ्यांची आहे. १९३४ पासून चालत आलेला दोष यामुळे बऱ्याच अंशी दूर झाला. तरी तिची दृष्टी कर्मचाऱ्यापुरती आहे, आणि विद्यार्थी हा कर्मचारी नव्हे. त्याचबरोबर महाराष्ट्रातील महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या प्रत्येक तासामागे मानधन या अटीवर, शिकवणारे असंख्य अध्यापक आहेत. तास बुडाला की मानधन बुडते, तेथे सवेतन रजेचा प्रश्नच उद्भवत नाही. कंत्राटी सफाई कामगार, सुरक्षारक्षक आणि भोजनालयातील स्त्रिया यांचीही तीच स्थिती आहे. कायम नोकरीतील प्राध्यापिकेला रजेचा जो हक्क मिळाला, तो तिच्या शेजारच्या वर्गात शिकवणाऱ्या तरुण अध्यापिकेपर्यंत पोचलेला नाही, आणि संगोपनाची गरज बहुधा त्या दुसरीलाच अधिक असते, कारण मुले लहान असण्याचे वय आणि नोकरी अस्थिर असण्याचे वय एकच असते.

या दीडशे वर्षांच्या वाटचालीतून एक निष्कर्ष ठामपणे काढता येतो. जेथे शिकणाऱ्या माणसाला त्याच्या पूर्ण आयुष्यासह स्वीकारले गेले, तेथे मुलाची व्यवस्था आपोआप शिक्षणाचा भाग झाली : केडगावात शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आणि कोसबाडमध्ये सत्तर वर्षांपूर्वी हे घडले, आणि दोन्ही ठिकाणी साधने तुटपुंजी होती. जेथे विद्यार्थी म्हणजे घरची जबाबदारी नसलेला तरुण असे गृहीत धरले गेले, तेथे उत्तम इमारती आणि बालविकासाचे विभाग असूनही पाळणाघर पाहुण्यासारखे राहिले. म्हणून विद्यापीठाच्या आवारातील पाळणाघराला ग्रंथालय आणि वसतिगृह यांच्याप्रमाणे मूलभूत सोयीचा दर्जा मिळायला हवा. त्याची वेळ प्रयोगशाळेच्या आणि परीक्षांच्या वेळेशी जुळायला हवी. त्याचे दार प्राध्यापक, संशोधक, विद्यार्थी, कारकून आणि सफाई कामगार या सर्वांच्या मुलांना, आईच्या तसेच पित्याच्या नावावर, सारखे खुले असायला हवे. आणि तेथे काम करणाऱ्या सेविकांना प्रशिक्षण, योग्य वेतन आणि त्यांच्या स्वतःच्या मुलांसाठी जागा मिळायला हवी. विद्यापीठांत बालविकासाचे विभाग आहेत, त्यांचे विद्यार्थी प्रत्यक्ष अनुभवासाठी संस्था शोधत असतात. त्या ज्ञानाची आणि आवारातील गरजेची सांगड घालण्यास नव्या शोधाची आवश्यकता नाही. गिरणी कामगार स्त्रीसाठी जे तत्त्व १९३० च्या दशकात कायद्याने मान्य केले, ते ज्ञानाच्या क्षेत्रात काम करणाऱ्या आणि शिकणाऱ्या प्रत्येकासाठी मान्य करणे, एवढेच आता उरले आहे, आणि ते करण्याचे सामर्थ्य विद्यापीठांच्या स्वतःच्या हाती आहे.